वाचक विचारतात : केसाएवढ्या नळीत औषधाचे मोजमाप

औषधांच्या पृथक्करणासाठी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सीई’, कसे वापरावे याबद्दल कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. सीईमध्ये बफर (पीएच धरून ठेवणारे द्रावण) भरलेल्या बारीक नळीच्या दोन टोकांना उच्च विद्युतदाब देतात, रेणू आपापल्या भारानुसार वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि डिटेक्टर त्यांची शिखरे नोंदवतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या विभागात एचपीएलसी (दाबाने द्रावक ढकलून भरलेल्या कॉलममधून पृथक्करण) रोज चालते. सीई यंत्र आहे, पण झाकून ठेवलेले. एचपीएलसी असताना सीईच्या वाटेला का जावे? आणि या पद्धतीला मान्यता किती? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, राजारामपुरी)

सगळ्याच कामांसाठी जाऊ नका. ज्या औषधावर पाण्यात पक्का विद्युतभार असतो आणि जे सी-१८ (एचपीएलसीच्या नेहमीच्या, तेलकट भरणाच्या) कॉलमवर टिकत नाही, तिथे सीईला तोड नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन घ्या. ते इतके ध्रुवीय आहे की साध्या सी-१८ वर सुरुवातीच्या द्रावक शिखरातच निसटते. मग आयन-पेअर अभिकर्मक (भार झाकून रेणू कॉलमवर धरणारे रसायन) घाला, कॉलम तासभर स्थिर करा, नंतर तो धुवत बसा, असा खटाटोप होतो. सीईमध्ये हाच धनभार कामाला येतो आणि रेणू चार-पाच मिनिटांत डिटेक्टरपाशी पोचतो. नळीची पोकळी फक्त ५० मायक्रोमीटर असते. ५० सेंटिमीटर लांबीच्या नळीत जेमतेम १ मायक्रोलिटर बफर मावतो, म्हणजे दिवसभराचे काम काही मिलीलिटरमध्ये आटोपते. अ‍ॅसिटोनायट्राइलचा (एचपीएलसीतल्या द्रावकाचा) खर्च नाही आणि त्याची विल्हेवाट लावण्याची चिंताही नाही.

उणी बाजूही सांगायला हवी. प्रकाश नळीच्या आडव्या छेदातून जातो, त्यामुळे त्याचा मार्ग ५० मायक्रोमीटरच राहतो. एचपीएलसीच्या सेलमध्ये तो सहसा १० मिलिमीटर असतो. म्हणून यूव्ही डिटेक्टरवर दर मिलीलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या खाली सीई लवकर थकते. गोळीतील मुख्य औषध मोजायला एवढी क्षमता पुरते, रक्तातल्या औषधाला बहुधा पुरत नाही.

या पद्धतीला मान्यता किती, असेही तुम्ही विचारले आहे. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटरच्या काचनळीत हे पृथक्करण करून दाखवले आणि तिथून तंत्र वाढले. युरोपीय औषधकोशात एरिथ्रोपोएटिनची ओळख सीईने पटवतात. २००८ मध्ये हेपारिनमध्ये अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ निघाली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती पकडण्यासाठी एनएमआर या चुंबकीय वर्णपट तंत्राबरोबर सीईची पद्धत जाहीर केली होती.

प्रश्न : मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ गोळ्यांचा अ‍ॅसे (औषधाचे प्रमाण मोजण्याची चाचणी) सीईवर बसवतो आहे. ५० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ४.५, नळी ५० मायक्रोमीटर, एकूण लांबी ६० सेंमी, २० किलोव्होल्ट, करंट ३० मायक्रोअँपियरच्या आसपास. सकाळी शिखर ४.३ मिनिटांना येते, संध्याकाळपर्यंत ५.१ ला सरकते. क्षेत्रफळाचा आरएसडी (पुन्हा पुन्हा मोजताना पडणारा फरक) ६ टक्के. धावांमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुतो, मग दोन-तीन मिनिटे बफर फिरवतो. यंत्रवाले म्हणतात नळी बदला. दोनदा बदलली, फरक नाही. (क्यूसी केमिस्ट, गोकुळ शिरगाव एमआयडीसी)

नळीचा दोष नाही, बफरचा आहे. फॉस्फेटचे पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडतात तो आकडा) २.१ आणि ७.२ च्या आसपास. ४.५ हा पीएच दोघांच्या मधोमध पडतो आणि तिथे फॉस्फेटला पीएच धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ नसते. बाटलीवर ‘बफर’ असे लिहिले असले तरी आत नुसते मिठाचे पाणी आहे, असे समजा.

आता इनलेट व्हायलमध्ये, म्हणजे नळीचे सुरुवातीचे टोक बुडते त्या छोट्या बाटलीत, काय घडते ते पाहा. तिथला इलेक्ट्रोड धन असतो आणि त्याच्यावर पाणी फुटून हायड्रोजन आयन तयार होतात. ३० मायक्रोअँपियर करंट ८ मिनिटे चालला, तर १ मिलीलिटरच्या व्हायलमध्ये सुमारे ०.१५ मिलीमोलर आम्ल वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण तुमच्या बफरचा पीएच तेवढ्याने एका धावेत ४.५ वरून ४.३ च्या आसपास येतो आणि तिसऱ्या धावेअखेर ४.१ वर. हेच द्रावण नळीत शिरते. नळीच्या भिंतीवरचे सिलॅनॉल गट ४ ते ६ या पीएच पट्ट्यातच सर्वांत वेगाने भार बदलतात. पीएच थोडा उतरला की भिंतीचा ऋणभार कमी होतो, इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह (भिंतीच्या भारामुळे अख्खे द्रावण पुढे सरकणे) मंदावतो आणि शिखर उशिरा येते. तुमचे शिखर सतत एकाच दिशेला, उशिराकडेच, सरकते आहे. तेही याच्याशी जुळते.

दुसरी भर सोडियम हायड्रॉक्साइड घालते. अल्कलीने धुतल्यावर भिंत पूर्ण ऋणभारित होते आणि ४.५ च्या द्रावणात तिला मूळ स्थितीवर यायला बराच वेळ लागतो. तुम्ही दोन-तीन मिनिटे बफर फिरवून धाव सुरू करता, तोवर ती स्थिरावलेली नसते.

तिसरे कारण पातळीचे. प्रवाह इनलेटमधला बफर आउटलेटकडे ढकलत राहतो. दोन व्हायलमधल्या पातळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की द्रावण उलटे झिरपू लागते आणि शिखर आणखी मागे पडते.

उपाय असा. पीएच २.५ वर या. तिथे भिंतीचा भार नगण्य असतो, म्हणून तिच्या लहरींचा त्रास उरत नाही आणि मेटफॉर्मिन स्वतःच्या भारावर चालते. तितक्याच आम्लाने २.५ च्या बफरचा पीएच ०.०१ सुद्धा हलत नाही. २५० मिलीसाठी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल १.४४ ग्रॅम तोलून घ्या, २०० मिली पाण्यात टाका, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच २.५० करा (साधारण ८ ते ९ मिली लागेल), मग खुणेपर्यंत पाणी भरा. ०.२२ मायक्रोमीटरने गाळून दहा मिनिटे सोनिकेटरमध्ये ठेवा. सोडियम फॉस्फेट विरघळवून वर ‘लागेल तेवढे’ आम्ल घालण्याची सवय सोडा. तसे केले की दरवेळी फॉस्फेटचे प्रमाण बदलते, त्याबरोबर करंट आणि वेळही. इथे पीएच मीटरची काळजी जास्त घ्यावी लागेल, कारण मेटफॉर्मिनचा दुसरा पीकेए २.८ च्या जवळ आहे. पीएच ०.१ ने चुकला तर त्याचा सरासरी भारच बदलतो. मीटर ४ आणि ७ वर नव्हे, ४ आणि १.६८ किंवा २ च्या प्रमाण द्रावणांवर लावा.

नवी नळी एकदाच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने १५ मिनिटे, पाण्याने १० मिनिटे आणि बफरने २० मिनिटे धुवा. पुढे धावांमध्ये अल्कली नको. ०.१ मोलर फॉस्फोरिक आम्ल १ मिनिट आणि बफर ३ मिनिटे पुरे. धुण्याचा बफर आणि धावेचा बफर वेगवेगळ्या व्हायलमध्ये ठेवा, धुतलेले पाणी तिसऱ्याच व्हायलमध्ये जाऊ द्या. दर सहा धावांनंतर धावेची जोडी बदला आणि दोन्ही व्हायल पिपेटने मोजून सारख्याच भरा, डोळ्यांच्या अंदाजाने नको.

क्षेत्रफळाच्या ६ टक्क्यांचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे. मात्र आधी नळीचे टोक भिंगाखाली पाहा. तिरके कापलेले किंवा दातेरी टोक दरवेळी वेगळा थेंब उचलते. कापायला सिरॅमिक पट्टी वापरा, एकदाच हलका ओरखडा द्या आणि सरळ ओढून तोडा. नळी वाकवून मोडू नका.

प्रश्न : आत नेमका किती नमुना जातो हे यंत्र सांगत नाही. विद्यार्थ्यांना काय शिकवावे? आणि ‘सुधारित क्षेत्रफळ’ घ्यायचे की साधे? (औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापिका, कसबा बावडा)

गणित सोपे आहे आणि ते एकदा फळ्यावर करून घ्यावे. शिरलेले आकारमान दाब, काळ आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, तर द्रावणाची श्यानता आणि नळीची लांबी यांच्या प्रमाणात घटते. ५० मायक्रोमीटर पोकळी, ५० सेंमी लांबी, ५० मिलीबार दाब ५ सेकंद, तापमान २५ अंश : उत्तर साडेआठ नॅनोलिटरच्या आसपास येते. नळीत हा थर सुमारे साडेचार मिलिमीटर लांब, म्हणजे एकूण लांबीच्या १ टक्क्याहून कमी. मर्यादा २ टक्के धरा. त्यापुढे शिखरे रुंदावतात.

चौथ्या घातावर विद्यार्थ्यांना थांबवा. पोकळी ५० ऐवजी ५२ मायक्रोमीटर निघाली तर नमुना १७ टक्के जास्त शिरतो. ७५ मायक्रोमीटरच्या नळीत तो पाचपट होतो. म्हणजे नळी बदलली की जुना कॅलिब्रेशन आलेख रद्द. श्यानतेचेही तसेच आहे. मानक पाण्यात आणि नमुना साखर किंवा गोंद असलेल्या द्रावणात केला, तर दोन्हींचे थर सारखे शिरत नाहीत.

म्हणूनच आमचे मत ठाम आहे : सीईवर अंतर्गत मानकाशिवाय (मानक आणि नमुना दोन्हींत ठरलेल्या प्रमाणात घातलेल्या दुसऱ्या पदार्थाशिवाय) अ‍ॅसे करू नये. वरच्या मेटफॉर्मिनसाठी इमिडाझोल चालते. ते स्वस्त आहे, आम्लात धनभारित असते आणि २१४ नॅनोमीटरला दिसते. आधी फक्त एवढे तपासा की गोळीतल्या दुसऱ्या घटकाचे शिखर त्याच जागी येत नाही. २० गोळ्या तोलून कुटा, १०० मिग्रॅ मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड येईल इतकी पूड १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये पाण्यात १५ मिनिटे सोनिकेट करा, खुणेपर्यंत भरा, गाळा. यातले ५ मिली ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन इमिडाझोलचे ठरलेले आकारमान पिपेटने घाला आणि पाण्याने भरा. अंतिम द्रावण पाण्यातच असू द्या, बफरमध्ये नको. नमुन्याची वाहकता बफरपेक्षा कमी असली की त्या थरात विद्युतक्षेत्र तीव्र होते, आयन पुढे धावून बफरच्या सीमेवर दाटतात आणि शिखर टोकदार होते.

क्षेत्रफळ नेहमी सुधारितच घ्या : शिखराचे क्षेत्रफळ भागिले त्याची वेळ. एचपीएलसीत सगळे रेणू डिटेक्टरसमोरून द्रावकाच्या एकाच वेगाने जातात. सीईत प्रत्येक जण आपापल्या वेगाने जातो, हळू जाणारा प्रकाशासमोर जास्त वेळ रेंगाळतो आणि त्याचे क्षेत्रफळ फुगते.

विद्युतदाबाने नमुना आत ओढण्याचा पर्याय यंत्रावर असतो, पण अ‍ॅसेसाठी तो टाळा. चपळ आयन जास्त शिरतात आणि नमुन्यातल्या मिठाचे प्रमाण बदलले की सगळेच आकडे हलतात.

प्रश्न : पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी. कॅफीनवर भारच नाही, मग ते वेगळे कसे होणार? एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखे रसायन) घालून पाहिले, तर नळीच बंद पडली. (बी.फार्म. अंतिम वर्ष, वारणानगर)

वाट बरोबर धरली होती. १९८४ मध्ये तेराबे आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली हीच मायसेलची (साबणी रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांची) पद्धत. एसडीएसचे मायसेल ऋणभारित असतात, भाररहित रेणू त्यांच्यात कमी-जास्त वेळ राहतो आणि त्यावरून मागे-पुढे पडतो. १०० मिली पाण्यात बोरॅक्स ०.३८ ग्रॅम आणि एसडीएस १.४४ ग्रॅम घ्या. हे झाले १० मिलीमोलर बोरॅक्स, ५० मिलीमोलर एसडीएस, आणि पीएच आपोआप ९.२ च्या जवळ येतो. ५० सेंमी नळी, २० किलोव्होल्ट, २१४ नॅनोमीटर. दोन्ही मानके आधी एकेकटी सोडून शिखरे ओळखा.

नळी बंद पडली ती बहुधा पोटॅशियममुळे. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात विरघळत नाही. पोटॅशियम फॉस्फेट किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड कुठेही वापरले असेल तर पांढरा साका धरतो. पीएच इलेक्ट्रोडमधूनही पोटॅशियम क्लोराइड झिरपते, म्हणून पीएच आधी पाहून घ्या आणि एसडीएस शेवटी घाला. एसडीएसचा बफर फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत तोही गोठल्यासारखा खाली बसतो. नमुन्यात मिथेनॉल १० टक्क्यांच्या वर नको, मायसेल मोडतात.

प्रश्न : सांधेदुखीवर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून विकली जाणारी पुडी एका रुग्णाने आणून दिली. दोन दिवसांत सूज उतरते, चेहरा मात्र सुजतो. स्टेरॉइडची शंका आहे. सीईने कळेल का? (वैद्य, गडहिंग्लज)

कळू शकते, पण तपासणीच्या आधी रुग्णाचे पाहा. महिनोन्‌महिने पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करू नये. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असते आणि अचानक खंड पडला तर जिवावर बेतू शकते. रुग्णाला पुडीसह फिजिशियनकडे पाठवा, मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक तिथे ठरेल.

आता रसायन. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही भाररहित आणि बरीच तेलकट स्वभावाची. साध्या बफरमध्ये ती एकाच ढिगात येतात. एसडीएसमध्ये ती मायसेलला इतकी चिकटतात की सगळी शेवटी गर्दी करतात. त्याऐवजी पित्तलवण, म्हणजे सोडियम कोलेट, ७५ मिलीमोलर, बोरेट पीएच ९ च्या आसपास, इथून सुरुवात करा. त्याचे मायसेल स्टेरॉइडांना सैल धरतात आणि शिखरे सुटतात. तरी जवळची शिखरे चिकटलेली राहिली तर ५ ते १० टक्के मिथेनॉल घाला. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांच्यात एका मिथिल गटाच्या दिशेचाच फरक आहे, ती दोन्ही सुटली नाहीत तर निष्कर्षात तसे स्पष्ट लिहा.

१ ग्रॅम पूड, १० मिली मिथेनॉल, २० मिनिटे सोनिकेशन, मग सेंट्रिफ्यूज. ५ ग्रॅमच्या पुडीत अर्धा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घातलेले असेल, तर या अर्कात ते दर मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम येते. दिसेल, पण मोजायला कमी पडेल. म्हणून ५ मिली अर्क सुकवून १ मिलीत घ्या, ५० मायक्रोग्रॅमवर याल. हे १ मिली धावेच्या बफरमध्येच करा आणि त्यात थोडेसेच मिथेनॉल असू द्या. २०० नॅनोमीटरला पाहू नका. तिथे हळद, सुंठ, गुग्गुळ यांतले सगळेच शोषून घेते आणि खालची रेषा डोंगरासारखी दिसते. या स्टेरॉइडांचे शोषण २४० च्या आसपास कमाल असते, तिथे पाहा.

शिखर मानकाच्या वेळेला आले एवढ्यावर निकाल देऊ नका. वनस्पतीच्या अर्कात वेळ थोडी सरकतेच. त्याच अर्कात मानक मिसळून पुन्हा धाव घ्या : शिखर एकच राहून उंच व्हायला हवे, खांदा फुटला तर पदार्थ वेगळा. डायोड अ‍ॅरेवर वर्णपट ताडून पाहा. भेसळ नसलेले तसेच चूर्ण स्वतः कुटून तेही चालवा. शेवटची खात्री एलसी-मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (पृथक्करणानंतर रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या तंत्रावर) करून घ्या. पित्तलवणाचा बफर मास डिटेक्टरला चालत नाही, त्यामुळे सीईचीच पद्धत तिथे जोडता येणार नाही. पुडीत डायक्लोफिनॅक असेल तर काम सोपे आहे. ते आम्ल आहे, साध्या बोरेट बफरमध्ये पीएच ९.२ ला ऋणभाराने वेगळे निघते.

तुमच्या निकालाने शंका पक्की होईल. कारवाईसाठी मात्र अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुना लागतो. तक्रार करताना न उघडलेली पुडी, वेष्टन आणि असल्यास पावती जपून ठेवा.

प्रश्न : अ‍ॅम्लोडिपिनमधले एस आणि आर (रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे) वेगळे करायला महागडा कायरल (अशी रूपे ओळखणारा) कॉलमच घ्यावा लागेल का? (संशोधक विद्यार्थी, विद्यापीठ परिसर)

नाही. कायरल कामासाठी आम्ही आधी सीईच सुचवू. निवडक रेणू (दोन रूपांपैकी एकाला जास्त धरणारा, जसे सायक्लोडेक्स्ट्रिन ही वलयाकार शर्करा) बफरमध्येच विरघळवायचा असतो, नाही जमला तर दुसरा घ्यायचा, नुकसान काही मिलीलिटरचे. फॉस्फेट ५० मिलीमोलर, पीएच २.५, त्यात हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन ५, १०, २०, ३० मिलीमोलर असे चढवत पाहा. साधे बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात लिटरला १८ ग्रॅमच्या आसपासच विरघळते, हात आखडता राहतो. त्याने जमले नाही तर अल्फा किंवा सल्फेटित प्रकार. औषधाच्या बेसिलेट लवणातला बेंझीन सल्फोनेट आयन ऋण असल्याने उलट दिशेला जातो, तो आड येत नाही. आर हा ०.१ टक्क्यापर्यंत शोधायचा असेल तर छोटे शिखर मोठ्याच्या आधी आले पाहिजे, मागे आले तर मोठ्याच्या शेपटीत बुडते. क्रम उलटा येत असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन बदलून तो फिरवा.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र मध्येच थांबते, कधी ठिणगीचा आवाज येतो. कधी करंट शून्य. (प्रयोगशाळा सहायक, कागल)

हे दोन वेगळे दोष आहेत. ठिणगी दमट हवेची. इलेक्ट्रोड आणि व्हायलच्या झाकणाभोवती बफर सुकून मीठ साचते, पावसाळ्यात ते ओल धरते आणि ३० किलोव्होल्टला वाट मिळते. विद्युतपुरवठा बंद करून इलेक्ट्रोड व त्याभोवतीचा भाग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. खोलीत एसी कोरड्या मोडवर यंत्र सुरू करण्याच्या दोन तास आधीपासून ठेवा. व्हायल काठोकाठ भरू नका.

करंट शून्य म्हणजे नळीत द्रावणाची साखळी तुटली : बुडबुडा, साका, रिकामी व्हायल किंवा तुटलेली नळी. नळी बहुधा डिटेक्शन विंडोपाशीच तुटते, कारण तिथे पॉलिइमाइडचे आवरण जाळलेले असते आणि उघडी काच बोटाच्या धक्क्यानेही मोडते. नळी शाबूत असेल तर जास्त दाबाने पाणी ढकला, टोकाला थेंब दिसतो का पाहा. दिसला की बफर भरून ५, १०, १५, २०, २५ किलोव्होल्ट अशा पायऱ्यांनी एकेक मिनिट करंट नोंदवा. रेषा सरळ चढली तर सगळे ठीक. वरच्या टोकाला ती वर वळली तर नळी तापते आहे. बफर पातळ करा किंवा विद्युतदाब उतरवा. तापमान एका अंशाने वाढले की आयनांचा वेग सुमारे २ टक्क्यांनी वाढतो.

काम संपल्यावर नळीत बफर ठेवून घरी जाऊ नका. पाण्याने १० मिनिटे, मग हवेने ५ मिनिटे, आणि दोन्ही टोके रिकाम्या व्हायलमध्ये. कमी वेळाची सुटी असेल तर टोके पाण्यात बुडवून ठेवली तरी चालतात.